तालीम की कराटे? पहिली निवड कशी करावी



दरवर्षी शाळा सुरू झाली की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. "सर, पोराला कराटेला घालू का तालमीत पाठवू?" आता मुलींचे पालकही हे विचारू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा पाठ.

आधी आमच्याच एका विद्यार्थ्याचा अनुभव सांगतो. तो दोन वर्षे जवळच्या शहरातील एका वर्गाला जात होता. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची वेगळी फी आणि कमरेला नव्या रंगाचा पट्टा. एक दिवस मैदानावर खेळताना कोणाचा तरी धक्का लागला, तो हातावर पडला आणि मनगट मोडले. आम्ही विचारले, "पडायचे कसे ते शिकवले नव्हते का?" तो म्हणाला, "नाही सर, आम्ही हवेत लाथा मारायचो." दोष कराटेचा नव्हता, शिकवण्याचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

१) आपल्या दारातली विद्या

सदलगा परिसरात कुस्ती कोणाला नव्याने सांगायला नको. गावोगावच्या यात्रेत मैदान भरते. आपण ज्याला तालीम म्हणतो तिला कानडीत गरडी मने म्हणतात. वस्ताद कानडी बोलोत वा मराठी, डाव तोच. आपल्या शेजारच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली देशातील पहिले हिंदकेसरी झाले. कोल्हापूरच्या तालमीत त्यांनी अंग घडवले आणि २०२० साली त्यांचे निधन झाले. आपल्या मुलांना परदेशी चित्रपटातील वीर माहीत असतात, पण शेजारच्या गावचा हा मल्ल माहीत नसतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

कुस्तीला धिप्पाड शरीर लागते, हा समज खरा नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ५७ किलो वजनगटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्पर्धेत जोड वजनानुसार लागते, त्यामुळे बारीक मुलालाही बरोबरीचा जोडीदार मिळतो. मुलींसाठी २००४ पासून ऑलिंपिकमध्ये कुस्ती आहे, आणि साक्षी मलिकने २०१६ साली रिओ येथे कांस्यपदक मिळवले. जोर, बैठका आणि मातीतली मेहनत यांनी मान, पाठ व पाय पक्के होतात. मात्र हौद्याची माती स्वच्छ हवी, नखे कापलेली हवीत आणि अंगावर गजकर्ण किंवा पुरळ असेल तर बरे होईपर्यंत विश्रांती घ्यावी. वजनगटात बसण्यासाठी वाढत्या वयातील मुलाला उपाशी कधीही ठेवू नये.

२) इतर प्रकार

ज्युदो ही जपानची विद्या. जिगोरो कानो यांनी ती १८८२ साली सुरू केली. पकड आणि फेक यांचा हा खेळ कुस्तीचा चुलतभाऊ शोभेल. यात सर्वांत आधी पडण्याची रीत शिकवतात. ती जन्मभर उपयोगी पडते, सायकलवरून पडतानासुद्धा.

कराटे आणि तायक्वांदो यांत हातापायांचे प्रहार असतात. कराटे ओकिनावा बेटांवर वाढले, तायक्वांदो कोरियाचे, आणि त्यात लाथांवर भर. लवचीकपणा, तोल व शिस्त यांसाठी दोन्ही चांगले. पण लहान मुलांच्या डोक्यावर जोराचे प्रहार होऊ देणारा वर्ग टाळावा.

लाठीकाठी व दांडपट्टा हे आपले मर्दानी खेळ कोल्हापूरच्या आखाड्यांनी जपले आहेत. लाठी फिरवण्याचा सराव एकट्यालाही करता येतो आणि खर्च जवळजवळ नाही. ज्याला झोंबाझोंबी आवडत नाही, अशा मुलासाठी ही चांगली सुरुवात आहे. मल्लखांब हा लढण्याचा प्रकार नाही, पण अंग तयार करण्यासाठी मल्लांनी जवळ केलेला व्यायाम आहे.

३) निवड करताना

पालकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

अ) मुलाला काय आवडते? आपली राहून गेलेली हौस त्याच्यावर लादू नये.

आ) ठिकाण रोज जाता येईल असे आहे का? लांबच्या नामांकित वर्गाला महिन्यातून चारदा जाण्यापेक्षा गावातल्या तालमीत रोज जाणे बरे.

इ) शिकवणारा कसा आहे? आठवडाभर बाजूला बसून पाहावे. तो आधी अंग गरम करून घेतो का? मोठ्या मुलाला लहानाशी जोराने भिडवतो का? कोणाला लागले तर सराव थांबवतो का? पालकांनी बसून पाहण्यास त्याची ना असेल, तर तो वर्ग सोडावा. मुलींच्या वर्गाबाबत हे विशेष पाळावे.

ई) एकूण खर्च किती? फी, पोशाख, परीक्षा सगळे धरून आधीच विचारावे.

उ) दमा, हृदयविकार, फिट्स किंवा जुनी दुखापत असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

शाळेत असा वर्ग सुरू करण्याचा विचार झाल्यास विश्वस्तांनीही हीच कसोटी लावावी, ही विनंती. आधी जाड गाद्या, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींसाठी शिक्षिका, मग पोशाख आणि प्रात्यक्षिके.

४) स्वसंरक्षणाबद्दल थोडे स्पष्ट

एका दिवसाच्या शिबिरात कोणी चाकूशी लढायला शिकत नाही. खरा धोका आला तर पहिला डाव पळण्याचा, दुसरा ओरडण्याचा आणि तिसरा घरी किंवा शाळेत सांगण्याचा. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांनी पाठ करावेत. त्रास देणारा ओळखीचा माणूस असला तरी सांगावे. सांगणाऱ्या मुलावर आम्ही रागावणार नाही, पालकांनीही रागावू नये.

तेव्हा नावाच्या मोहात पडू नका. चांगला शिक्षक, जवळची जागा आणि मुलाची आवड ही तीन जुळली की कुठलीही विद्या चांगली. सहा महिने नेटाने करा आणि मग पुढचे ठरवा. आणि मित्रांनो, शिकलेला डाव वर्गात दुबळ्या मुलावर वापरलात, तर तुम्ही काहीच शिकला नाहीत असे आम्ही समजू.

स्वाध्याय

१. घरातील आजोबांना किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून कुस्तीतील पाच डावांची नावे लिहा.
२. आपल्या गावात पूर्वी किती तालमी होत्या व आज किती चालू आहेत, याची माहिती गोळा करा.
३. पडताना तळहात टेकून सगळा भार हातावर का घेऊ नये? चार ओळींत उत्तर लिहा.