मापात राहणं हीसुद्धा सेवाच



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७

हरतालिका आठ दिवसांवर आली आहे आणि तिच्या दुसऱ्या दिवशी गणपती. घरोघरी माळ्यावरची मखरं खाली येत असतील. म्हणून आज रोजचा क्रम सोडून हे दोन श्लोक घेतले आहेत. गेल्या वर्षी मला ते वेळेवर आठवले नाहीत. त्याचं काय झालं, तेही सांगणार आहे.

भावार्थ

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कुठे घालावं, पाठ-मान कशी ठेवावी, नजर कुठे असावी हे सगळं सांगून झालं की भगवंत एकदम जेवणाखाणावर येतात. अर्जुनाला म्हणतात, जो फार खातो त्याला योग साधत नाही. आणि जो मुळीच खात नाही त्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. पुढच्या श्लोकात ते उलट बाजू सांगतात. ज्याचं खाणं, फिरणं, कामातली धडपड, झोप आणि जाग हे सगळं मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

इथला महत्त्वाचा शब्द ‘युक्त’. ‘योग’ आणि ‘युक्त’ दोन्ही एकाच धातूपासून आले आहेत, युज् म्हणजे जोडणं. जे मापात आहे ते देवाशी जोडलेलं राहतं, असं मी समजते. ज्ञानेश्वर माऊलीही या ठिकाणी मापाचीच भाषा वापरतात. अन्न घ्यावं पण मोजून, बोलणं-चालणंही मोजकं असावं, आणि झोपेला तिच्या वेळी मान द्यावा, असा त्यांचा आशय आहे.

‘फार खाऊ नये’ हे आपल्याला पटकन पटतं. ‘मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाही’ या अर्ध्या भागावरून मात्र आपण भरभर पुढे जातो. निदान मी तरी इतकी वर्षं तशीच जात होते.

गेल्या वर्षीची हरतालिका

मी कॉलेजात असल्यापासून हरतालिका निर्जळ करते. गेल्या वर्षी ४४ वर्षं झाली. त्यातली ३४ वर्षं टपाल खात्यात नोकरी करून केली. सकाळी पूजा, मग डोंबिवलीहून लोकल, दिवसभर काउंटर आणि रात्री जागरण. बायका म्हणायच्या, ‘तुम्हाला जमतं बाई!’ ते ऐकायला मला आवडायचं, हे आज कबूल करते.

निवृत्तीनंतर मधुमेह निघाला, गोळ्या सुरू झाल्या. गेल्या वर्षी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी आपणहून विचारलं होतं, “सणवार येतायत, उपवास करता का? करणार असाल तर आधी सांगा, गोळी बदलावी लागेल.” मी म्हटलं, “छे हो, आता कुठले उपवास!” डॉक्टरांशी सरळ खोटं बोलले.

हरतालिकेच्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, दोन घोट पाण्याबरोबर नेहमीची गोळी घेतली. मनात हिशोब असा, की गोळी घेतली म्हणजे डॉक्टर खूश आणि पाणी सोडलं म्हणजे देव खूश.

दुपारी तीनच्या सुमारास स्टुलावर चढून माळ्यावरच्या समया काढत होते. एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी खाली उतरले आणि जमिनीवर बसले. सूनबाई आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. आवाज ऐकून धावत आली. बोटाला सुई टोचून साखर बघितली तर ५४. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याची. तिने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पेला माझ्या तोंडाशी धरला.

आणि मी तो हाताने बाजूला सारला. “उपवास मोडेल,” म्हणाले.

“आई, आधी प्या. मग मला काय रागवायचं ते रागवा.” तिचा आवाज कापत होता. हे दारात उभे होते, त्यांच्या हातात साखरेचा डबा, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते बघून मी प्याले. पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा साखर तपासली, वर आली होती. मग थोडा दूधभात खाल्ला. मुलगा ऑफिसातून अर्ध्या दिवसाने पळत आला. दुसऱ्या दिवशी बाप्पा आले तेव्हा घरातला प्रत्येक माणूस दमलेला आणि घाबरलेला होता. आरतीला कुणाचा आवाज लागेना.

साखर फार उतरली की माणूस गोंधळतो, चिडतो, हट्टही करतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. मला ते कारण सोयीचं वाटलं असतं. पण डॉक्टरांशी खोटं बोलले तेव्हा माझी साखर अगदी ठीक होती.

नॉटपेड पत्र

तुमच्या पिढीला नॉटपेड पत्र माहीत नसेल. कमी तिकीट लावलेलं किंवा बिनतिकिटाचं पत्र पेटीत टाकलं तर टपाल खातं ते फेकून देत नाही. ते पोचवतं, पण जेवढं तिकीट कमी, त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करतं. पाठवणारा मोकळा आणि भुर्दंड दुसऱ्याला. काउंटरवर मी लोकांना कितीदा सांगितलं असेल, आधी काट्यावर वजन करा, मग तिकीट लावा.

माझा तो उपवास असाच नॉटपेड होता. माझ्या शरीरात किती ताकद उरली आहे त्याचं वजनच केलं नव्हतं. देवाच्या नावाने टाकला आणि त्याचे दुप्पट पैसे भरले सुनेने, मुलाने आणि यांनी.

गीतेच्या सतराव्या अध्यायात (श्लोक ५ आणि ६) भगवंत याबद्दल फार कडक बोलतात. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप जे लोक दंभाने आणि अहंकाराने करतात, ते शरीराला तर पिडतातच, पण त्या शरीरात राहणाऱ्या मलाही पिडतात, असं त्यांचं म्हणणं आहे. हे वाचून मी बराच वेळ पोथी मिटून बसले होते. ज्याच्यासाठी पाणी सोडलं, तोच आत तहानलेला होता.

व्रत मोडतं कशाने?

मग मी शोधायला लागले की शास्त्र खरंच काय सांगतं. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीत, व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी दिल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य म्हणजे यज्ञाचं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूंचा शब्द आणि औषध. यादीतली पहिली गोष्ट पाणी आणि शेवटची औषध! म्हणजे त्या दुपारी मी ज्या पेल्याला हात लावायला तयार नव्हते, त्याने माझं व्रत मोडणार नव्हतंच.

दुसरी गोष्ट हरतालिकेच्या नावाची. ‘आली’ म्हणजे सखी. सखीने जिला हरण करून नेलं ती हरतालिका. पार्वतीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरत होतं, तेव्हा मैत्रिणीने तिला उचलून अरण्यात नेलं आणि तिथे पार्वतीने शंकरासाठी तप केलं. म्हणून आपण वाळूच्या पिंडीबरोबर पार्वती आणि सखी अशा दोघींची पूजा करतो. या व्रताच्या नावातच मदतीला धावलेली मैत्रीण आहे. ४४ वर्षं मी सखीला हळदकुंकू वाहिलं, आणि साखरेचं पाणी घेऊन ती समोर उभी राहिली तेव्हा तिचाच हात ढकलला.

निवृत्तीनंतरची खरी अडचण

एक गोष्ट उपवासाहून खोलवरची आहे. श्लोकात खाण्या-झोपण्याबरोबर ‘कर्मातली धडपड’ही मापात असावी असं म्हटलंय. नोकरी संपली आणि मी घराचंच ऑफिस केलं. पडदे धुवायचे ते मीच, डबे घासायचे ते मीच, एकवीस मोदकांच्या कळ्या माझ्याच हातच्या हव्यात. कुणी हात लावला की चूक काढायची. वरून दिसायला सेवा. आतून भीती अशी, की हे सगळं माझ्याशिवाय झालं तर या घरात माझं काय काम उरलं?

याच भीतीपोटी तपासण्या पुढे ढकलायचे. डोळ्यांचा पडदा मधुमेहात वर्षातून एकदा दाखवावा लागतो. मी म्हणायचे, गणपती झाले की बघू. मग नवरात्र झालं की. मग दिवाळीचा फराळ उरकला की. मग संक्रांत यायची. घरातल्या प्रत्येक देवाला मी डॉक्टरांच्या आड उभं केलं होतं.

या वर्षी गणपतीच्या आधीच डोळे तपासून आले. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यामुळे दोन-चार तास जवळचं काही दिसत नाही. त्या दुपारी मी हॉलमध्ये नुसती बसून होते आणि सूनबाई शेजारी बसून समया घासत होती. मध्येच म्हणाली, “आई, ही वात ठेवायची जागा नीट निघाली का, हात लावून सांगा ना.” मी बोट फिरवून सांगितलं. तेवढंच काम माझ्याकडे होतं. आणि खरं सांगते, बरं वाटलं.

काल साखरेच्या तपासणीला गेले. जेवणाआधीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, असे सगळे रिपोर्ट झाले. या वेळी चिठ्ठीवर प्रश्न लिहूनच नेले होते. पहिलाच प्रश्न, “मी मागच्या वर्षी तुमच्याशी खोटं बोलले होते. या वर्षी हरतालिकेला काय करू?” डॉक्टर हसले आणि त्या दिवसाचं सगळं कागदावर लिहून दिलं. माझी गोळी अशी आहे की पोटात अन्न नसलं तरी ती साखर उतरवत राहते, म्हणून रिकाम्या पोटी अजिबात नाही. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्ट, त्याने साखर भराभर चढते, तो टाळायचा. माझं गोळीचं माप इथे लिहीत नाही, कारण ते तुमच्या आईला किंवा आजीला लागू पडेलच असं नाही.

घरी येऊन यादी केली. मखर मुलगा काढेल. दूर्वांच्या जुड्या हे चष्मा लावून बांधतील. गरम उकड मळायची सूनबाईने, मी टेबलाशी खुर्चीवर बसून कळ्या पाडायच्या. नैवेद्याचे एकवीस घरी, बाकीचे पलीकडच्या गल्लीतल्या काकूंकडून. पडदे या वर्षी धुवायचे नाहीत. पडद्यांचं अजून मनाला लागतंय. पण राहू दे.

हरतालिकेला पाणी पिताना हात अडखळेल, हे मला माहीत आहे. ४४ वर्षांची सवय आहे. तेव्हा पहिला पेला सूनबाईच्या हातून घ्यायचा, असं ठरवलंय.

आजचा अभ्यास

१. घरात आई, आजी, सासूबाई गोळ्या घेत असतील तर आजच विचारा, “उपवासाचं डॉक्टरांना सांगितलंय का?” रागवून नको, नाहीतर त्याही माझ्यासारखं खोटं बोलतील. शक्य असेल तर तपासणीला सोबत जा.

२. घाम, थरथर, धडधड, अंधारी यातलं काही दिसलं तर लगेच साखर तपासा. ती उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्या.

३. हे श्लोक फक्त म्हाताऱ्यांसाठी नाहीत. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी उपाशी जिम आणि वर नवरात्राचे नऊ दिवस पाण्यावर, हेही मापाबाहेरच. आज रात्री स्वतःला एक प्रश्न विचारा, मी देवासाठी म्हणून जे करतोय किंवा करतेय, त्याचा भुर्दंड घरात कोण भरतंय?

आजची प्रार्थना

देवा, तू दिलेल्या या शरीराचं वजन मला खरं सांगता येऊ दे. जेवढं झेपेल तेवढं मनापासून करू दे, जे झेपणार नाही ते दुसऱ्याच्या हाती आनंदाने देऊ दे. आणि तुझी सखी मदतीला आली की तिला ओळखू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥