पाण्याच्या रेणूचा आकार

वरच्या प्राथमिक वर्गांत पाण्याची घटना शिकविताना ‘हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक अणू’ हे वाक्य पाठ करून घेतले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. त्यातून अणूंची संख्या कळते, मांडणी कळत नाही. फळ्यावर हे तीन अणू एका सरळ रेषेत काढले गेले, की विद्यार्थ्याच्या मनात चुकीचे चित्र ठसते. आणि पाण्यात मीठ विरघळते पण तेल मिसळत नाही, असे का, याचा उलगडा त्यास पुढेही होत नाही.

तत्त्व : ऑक्सिजनच्या बाह्य कक्षेत ६ इलेक्ट्रॉन असतात. दोन हायड्रोजन अणूंचे २ मिळून ते ८, म्हणजे चार जोड्या होतात. त्यांपैकी दोन बंधांत गुंततात व दोन मोकळ्या राहतात. या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात. यावरून रेणूचा आकार ओळखण्याची रीत गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ साली सुसूत्रपणे मांडली.

कृती : सारखे दोन फुगे तोंडाशी एकत्र बांधावेत. ते सरळ रेषेत राहतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू असा सरळ असतो. कारण त्यातील कार्बनवर मोकळी जोडी नसते. आता तशीच दुसरी जोडी बांधून पहिलीच्या मध्याशी पिळावी. चारही फुगे चार दिशांना पसरतात. कोणत्याही दोन फुग्यांवर शाईने खूण करावी. खुणेचे फुगे हे हायड्रोजनचे बंध व उरलेले दोन या मोकळ्या जोड्या समजाव्यात. खुणेच्या फुग्यांमधील कोन सुमारे १०९.५ अंश येतो. मोकळ्या जोड्या अधिक जागा व्यापत असल्यामुळे पाण्यात तो १०४.५ अंश असतो.

फलित : ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे अधिक ओढतो. रेणू वाकलेला असल्याने त्याची एक बाजू किंचित ऋण व दुसरी किंचित धन होते. म्हणूनच पाणी मिठातील विद्युत्‌भारित कणांना वेढून सुटे करते. तेलाच्या रेणूंत असा ठळक भेद नसल्याने ते वेगळे राहते. पाण्याचा रेणू सरळ असता, तर दोन्हीकडील ओढ समतोल होऊन त्याचा हा गुण उरला नसता.

सूचना : फुगे ही केवळ उपमा आहे, इलेक्ट्रॉन फुग्यांसारखे नसतात, हे विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावे. तसेच ‘रेणूत कोणते अणू आहेत?’ या प्रश्नापाठोपाठ ‘ते कसे मांडलेले आहेत?’ हा प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा.