मुंबईचे सागवानी जहाज 'ट्रिंकोमली'

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तेथील एका गोदीत तीन डोलकाठ्यांचे एक लाकडी लढाऊ जहाज उभे आहे. श्रीलंकेतील बंदरावरून त्याला 'ट्रिंकोमली' हे नाव मिळाले. अद्याप पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत ही सर्वांत जुनी होय. नेल्सनची 'व्हिक्टरी' ही नौका हिच्याहून जुनी खरी. परंतु ती १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. हार्टलपूलला एक दिवस घालवून हे जहाज पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हे जहाज इंग्लंडात बांधलेले नाही. ते मुंबईत बांधले गेले.

मुंबईच्या गोदीत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनबरोबरच्या दीर्घ युद्धांमुळे ब्रिटनमध्ये जहाजांना लागणाऱ्या ओक लाकडाचा तुटवडा पडला होता. तेव्हा ब्रिटिश आरमाराचे लक्ष मुंबईकडे वळले. येथे ईस्ट इंडिया कंपनीची गोदी होती, मलबारच्या जंगलांतील उत्तम साग होता आणि जहाजबांधणीत पिढ्यानुपिढ्या मुरलेले वाडिया घराणे होते. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले होते. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'ट्रिंकोमली' तयार झाले.

या जहाजाचे आराखडे प्रथम 'जावा' नावाच्या नौकेवरून मुंबईस पाठविण्यात आले होते. परंतु १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या नौकेने 'जावा'चा पराभव केला व आराखडे मुंबईस पोहोचलेच नाहीत. दुसरी प्रत मागवावी लागली. अखेर १८१६ मध्ये जहाजाचा कणा, म्हणजे तळाची मुख्य तुळई, बसविण्यात आला. पारशी रीतीप्रमाणे त्या प्रसंगी तिच्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

येथे सागाचा गुणधर्म समजून घेणे अवश्य आहे. ओकच्या लाकडातील आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात, आणि गंजलेल्या खिळ्यांभोवतीचे लाकूडही कमजोर होते. सागात नैसर्गिक तेल असते. ते लोखंडाचे रक्षण करते, आणि पाणी व कीड यांपासून लाकडालाही पुष्कळ अंशी वाचविते. मुंबईच्या जहाजांचा टिकाऊपणाबद्दल जो लौकिक होता, त्याच्या मुळाशी हा साग आणि तो जोडणाऱ्या सुतारांचे कसब या दोन गोष्टी होत्या. मुंबईतच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या नौकेवर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, यावरून ही जहाजे किती दूरवर वावरत असत, हे ध्यानात येईल.

जहाजावरील फेरी

आता आपण जहाजावर चढू. तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट व जहाजाची रुंदी सुमारे ४० फूट आहे. या वर्गाची मूळ आकृती १७८२ मध्ये पकडलेल्या एका फ्रेंच नौकेवरून घेतलेली होती. जहाजाच्या नाकाशी पागोटे घातलेल्या पुरुषाची कोरीव मूर्ती आहे. तोफांच्या मजल्यावर दोन्ही बाजूंस तोफा मांडलेल्या असून याच मजल्याच्या मागील टोकास कप्तानाची प्रशस्त, खिडक्यांची खोली आहे.

तेथून एक जिना उतरले की वेगळेच जग दिसते. हा खलाशांचा मजला. छत इतके खाली आहे की, मध्यम उंचीच्या माणसालाही जपून चालावे लागते. सुमारे तीनशे माणसे अशा जहाजावर राहत. टांगलेल्या मेजांवर ती जेवत आणि रात्री कापडी झोळ्यांत निजत. आरमाराच्या नियमाप्रमाणे एका झोळीस जेमतेम चौदा इंच रुंदीची जागा मिळे. कप्तानाची खोली व हा मजला यांत काही पायऱ्यांचेच अंतर आहे. परंतु त्या काळच्या समाजातील उच्चनीचतेचे दर्शन या पायऱ्या उतरताना जेवढे स्पष्ट होते, तेवढे पुष्कळ ग्रंथ वाचूनही होत नाही.

जहाज कसे वाचले?

'ट्रिंकोमली' १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचले. वाटेत ते सेंट हेलेना बेटावर थांबले, तेव्हा नेपोलियन तेथेच बंदिवासात होता. ज्या शत्रूसाठी जहाज मागविले, तो अशा रीतीने आधीच पराभूत झाला होता. परिणामी जहाज पंचवीसहून अधिक वर्षे राखीव म्हणून बांधून ठेवण्यात आले. १८४५ मध्ये त्याची रचना बदलण्यात आली. १८४७ नंतर त्याने अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत कामगिरी केली. गुलामांच्या चोरट्या व्यापारावरील पहाऱ्याचाही तीत समावेश होता. वाफेची जहाजे आल्यावर ते नौसैनिकांच्या शिक्षणासाठी वापरले गेले, आणि १८९७ मध्ये मोडीत विकले गेले.

त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांचे 'फूद्रॉयाँ' हे जहाज वादळात सापडून फुटले. मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्यासाठी त्यांना दुसरे जहाज हवे होते. त्यांनी 'ट्रिंकोमली' विकत घेतले व त्यालाच जुन्या जहाजाचे नाव दिले. या नावाने ते १९८६ पर्यंत मुलांची शाळा म्हणून उपयोगी पडले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणण्यात आले. १९९० मध्ये सुरू झालेला जीर्णोद्धार २००१ मध्ये पूर्ण झाला, आणि १९९२ मध्ये मूळ नावही परत मिळाले. आज जहाजाचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे, म्हणजे मुंबईत बसविलेले आहे.

यावरून काय बोध घ्यावा?

केवळ सागामुळे हे जहाज टिकले, असे म्हणणे अपुरे ठरेल. प्रत्येक वेळी कोणाला तरी त्याचा उपयोग होता, आणि कोणीतरी त्याचा खर्च उचलला, म्हणून ते टिकले. याउलट 'इम्प्लॅकेबल' या नौकेचे उदाहरण पाहा. ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेली ही नौका पुढे 'फूद्रॉयाँ'च्याच शेजारी उभी असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीसाठी पैसा मिळाला नाही, आणि १९४९ मध्ये ती समारंभपूर्वक बुडविण्यात आली.

हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिने बंगालच्या उपसागरात मोठी कामगिरी केली. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांस खुली करण्यात आली. परंतु २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव तिचे दार बंद झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही २०१४ मध्ये तिचे तुकडे होण्यास आरंभ झाला. तिच्याविषयी लोकांना प्रेम नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. कायम खर्चाची व्यवस्था मात्र झाली नाही.

जुने जहाज हे जुन्या वाड्यासारखे नसते. वाडा काही वर्षे दुर्लक्षिला तरी उभा राहतो. जहाजाला पाणी व क्षार रोज खात असतात. म्हणून जतन ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे. ती दर वर्षी नव्याने करावयाची गोष्ट आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २००२ पासून 'कुरसुरा' ही पाणबुडी लोकांना पाहावयास मिळते, यावरून आपल्या देशातही हे साधू शकते, हे सिद्ध होते. मुंबईच्या कारागिरांनी घडविलेले जहाज पाहण्यासाठी आज सातासमुद्रापलीकडे जावे लागते. ते तेथे सुरक्षित आहे, याचा आनंद मानावा. आणि आपल्या गोदीतून पुढे जे जहाज निवृत्त होईल, त्याच्या वार्षिक खर्चाचा विचार त्याच्या निरोपसमारंभाच्या आधीच करावा.