क्षेत्रकार्यासाठी तुरुंग?

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्य तुरुंगात करता येईल का? घरचे घाबरतात.

उत्तर : येईल, पण परवानगी कॉलेजमार्फतच मागा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पानं तुरुंगातलं समाजकार्य मुंबईत १९९० मध्ये सुरू केलं. मोबाइल गेटवरच जमा होतो, हे घरी आधी सांगून ठेवा. निम्मी घबराट फोन न लागल्यानंच होते! आत बरेचदा भेटतात ते कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. अनेकांचा जामीन मंजूर, पण जामीनदार नाही. वहीत कलम आणि अटकेची तारीख नीट टिपा. पहिल्याच गुन्ह्यात, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला, की सुटकेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा आधार मिळतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले वगळून. अटकेच्या तारखेपासून आजवरचा काळ मोजून तो हिशेब विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे द्या. कैद्यांच्या चिठ्ठ्या मात्र बाहेर नेऊ नका, कितीही दया आली तरी.