जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

ताप हे रोगाचे नाव नव्हे. ते केवळ लक्षण होय. हिवतापात अंग तापते, विषमज्वरातही तापते, आणि भर उन्हात फार वेळ खेळल्यानेही तापते. म्हणून सुज्ञ वैद्य केवळ कपाळाला हात लावून औषध देत नाही. तो आणखी चार गोष्टी पाहतो, चार प्रश्न विचारतो, आणि ज्या रोगांची शक्यता उरत नाही ते एकेक करून बाजूस सारतो. हीच रीत यंत्रांनाही लागू पडते. आमच्या घरच्या एका जुन्या मोटारीने हा धडा आम्हांस कसा दिला, ते येथे सांगण्याचा विचार आहे.

ही मोटार म्हणजे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने, ही गाडी तयार होत असे. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने बाजारात आली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे व पाण्याने थंड होणारे आहे. त्यात संगणक नाही, की दोष सांगणारा दिवा नाही. जे काही ओळखायचे, ते डोळ्यांनी, नाकाने, हाताने आणि बुद्धीने.

इंजिनात दोन द्रव सतत फिरत असतात. पहिला द्रव ऑइल. तळाच्या चेंबरमधून पंप ते वर चढवतो. घासणाऱ्या भागांमध्ये त्याचा पातळ थर राहतो, आणि म्हणून लोखंड लोखंडाला खात नाही. दुसरा द्रव पाणी, किंवा पाणी व कूलंट यांचे मिश्रण. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून ते उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये येऊन ती वाऱ्याला देते आणि पुन्हा परत जाते. या दोन्ही द्रवांच्या वाटा एकमेकींच्या अगदी शेजारून जातात. इंजिनाचा खालचा ठोकळा व वरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा पातळ थर असतो. पाणी, ऑइल आणि जळता वायू या तिघांना आपापल्या जागी ठेवण्याचे काम तो करतो. तो फाटला, तर पाणी ऑइलमध्ये शिरते, किंवा सिलिंडरात जाऊन वाफ होते, किंवा जळता वायू पाण्यात घुसतो. दुरुस्तीसाठी हेड उतरवावे लागते. ते काम खर्चाचे आणि वेळखाऊ असते.

आता प्रसंग सांगतो. जानेवारी २०२४ मधील ही गोष्ट. घरातील आजींना ओंकारेश्वराचे दर्शन घडवावे, असे फार दिवस मनात होते. आणि जायचे ते आपल्याच गाडीने, असा त्यांचा आग्रह होता. इंदूरहून सिमरोल, भेरूघाट, बडवाह या मार्गाने ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. जाताना घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जायचे, आणि परतताना तोच घाट चढायचा. चढावर इंजिन तापते. म्हणून निघण्यापूर्वी गाडी तपासण्यास घेतली, तेव्हा तीन गोष्टी आढळल्या. ऑइल ओतण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस दह्यासारखा पांढुरका चिकट थर होता. रेडिएटरमधील पाणी आठवड्यास पेलाभर कमी होत होते. आणि सकाळी गाडी सुरू केली, की सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता.

आमचे मिस्त्री वयाने व अनुभवाने मोठे. त्यांनी झाकण पाहिले आणि म्हणाले, "गॅस्केट गेले. हेड खोलावे लागेल." त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते, फाटलेल्या गॅस्केटची लक्षणे नेमकी हीच असतात. परंतु हीच लक्षणे आणखी कशाने संभवतील काय, असा प्रश्न आम्ही विचारला, आणि हेडला हात लावण्यापूर्वी आठ दिवस मागून घेतले. दहावीत शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने एक वही केली. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ऑइलची पातळी, पाण्याची पातळी आणि आदल्या दिवशीचे अंतर त्यात लिहावयाचे, असे ठरले. आजवर आमची चूक ही होती, की पाणी कमी दिसले की कोणीही नळाचे पाणी ओतून मोकळा होत असे. त्यामुळे किती कमी झाले, हे कोणासच सांगता येत नव्हते. शिवाय क्षारयुक्त पाण्याने, किटलीत बसते तशी, रेडिएटरच्या नळ्यांत पुटे बसतात, हे निराळेच.

पहिली परीक्षा ऑइलची. पाणी खरोखरच ऑइलमध्ये शिरत असेल, तर चेंबरमधील पातळी वाढावयास हवी, आणि पट्टीवरील ऑइल दुधाळ चहासारखे दिसावयास हवे. आठ दिवसांत पातळी तिळभर वाढली नाही, आणि पट्टीवरील ऑइल स्वच्छ तपकिरी होते. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसते. म्हणून मिस्त्रींनी सकाळी चेंबरचा नट थोडा सैल केला. प्रथम जो थेंब आला, तो ऑइलचाच होता.

दुसरी परीक्षा धुराची. थंडीत आपल्या तोंडातूनही वाफ निघते. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो आणि त्याच्या ज्वलनातून पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले, तर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड सायलेन्सरमध्ये ती वाफ पांढरी दिसते व इंजिन तापल्यावर दिसेनाशी होते. गॅस्केट फाटल्याची वाफ मात्र इंजिन तापल्यावरही चालूच राहते, आणि कूलंट असेल तर तिला गोडसर वास येतो. आमच्या गाडीचा धूर दहा मिनिटांत नाहीसा झाला.

तिसरी परीक्षा पाण्याची. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली. जळता वायू पाण्यात घुसत असता, तर बुडबुडे एकसारखे येत राहिले असते. ते आले नाहीत.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. परंतु झाकणाने सुमारे ०.९ बार दाब धरून ठेवला, तर तेच पाणी ११५ अंशांच्याही पुढे न उकळता राहते. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते, आणि चेहरा व हात भाजतात.

मग पाणी जाते कोठे? गाडीखाली तर थेंबही दिसत नव्हता. मिस्त्रींनी हाताने चालणाऱ्या लहान पंपाने रेडिएटरमध्ये दाब भरला. काटा हळूहळू खाली येऊ लागला. त्यांनी वॉटर पंपाच्या खालच्या बाजूस बोट फिरवले, ते ओले झाले. पंपाचे सील झिजले होते. तेथून झिरपणारे पाणी तापलेल्या इंजिनावरच सुकत असे, म्हणून जमिनीवर थेंब पडत नव्हता. ज्यांनी गॅस्केटचा निर्णय दिला, त्यांच्याच बोटांनी तो खोटा ठरवला, आणि याचा त्यांना आमच्याइतकाच आनंद झाला.

उरला प्रश्न झाकणावरील थराचा. वहीने येथे मदत केली. गाडी रोज घर ते राजवाडा आणि परत, एवढीच धावत होती. इतक्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. ज्वलनातील वाफ थोडी खाली झिरपते, थंड झाकणावर तिचे दव जमते आणि ऑइलशी घुसळून लोण्यासारखा थर बनतो. परंतु तापमानाचा काटा अर्ध्या तासाच्या फेरीनंतरही खालीच राहतो, हे पुतण्याने लिहून ठेवले होते. तेव्हा इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपाला, पंखा टाळून, हात लावून पाहिला. नियम असा, की हा पाइप प्रथम थंड राहतो, आणि पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापल्यावर थर्मोस्टॅट नावाची झडप उघडून तो एकदम गरम होतो. आमचा पाइप पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेला. घर उघडून पाहिले, तो आत थर्मोस्टॅटच नव्हता! गाडी थंड राहावी, या समजुतीने पूर्वी कोणी तरी तो काढून टाकला होता. जुन्या गाड्यांत असे पुष्कळदा आढळते. पण फार थंड चालणारे इंजिनही आजारीच असते; त्यात पेट्रोल अधिक जळते, ऑइलमध्ये ओल साठते आणि भाग लवकर झिजतात.

याप्रमाणे दोन लहान दोष एकत्र आल्याने एका मोठ्या दोषाचा आभास झाला होता. वॉटर पंप व थर्मोस्टॅट नवे घातले, ऑइल बदलले, कूलंट व शुद्ध केलेले पाणी भरले, झाकण पुसून ठेवले. पंधरा दिवसांनी झाकण कोरडे होते आणि पाण्याची पातळी होती तेथेच होती. निकाल उलट लागला असता, तर हेड खोलण्यास आम्ही एक दिवसही लावला नसता. ज्या गाड्यांत बिडाच्या ठोकळ्यावर ॲल्युमिनियमचे हेड असते, त्यांत ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. अशी गाडी अति तापवून घाटात चालवत राहिले, तर हेड वाकते आणि शेकड्याचे काम हजारांवर जाते.

ऑइलच्या इतर तक्रारींनाही हीच रीत लावावी. ऑइल काळे झाले म्हणजे बिघडलेच असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पातळी घटत असेल, तर प्रथम गळती शोधावी. गळती नसेल, तर धूर पाहावा. सुरू करताच क्षणभर निळा धूर आला, तर व्हॉल्व्हच्या सीलांचा संशय घ्यावा. वेग वाढवताना सतत आला, तर पिस्टनच्या रिंगांचा. पट्टीवरील ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बुरेटर वा पेट्रोलपंप तपासावा. मात्र चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर परीक्षा करीत बसू नये. गाडी तत्काळ बाजूस घेऊन इंजिन बंद करावे.

जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते पुनर्शुद्धीकरणासाठी देता येते. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले व कुत्री-मांजरे यांपासून ते दूर ठेवावे.

फेब्रुवारीच्या अखेरीस आजींचे ओंकारेश्वराचे दर्शन झाले. परतताना भेरूघाटाच्या चढावर आम्ही रस्त्यापेक्षा काट्याकडेच अधिक पाहत होतो, हे कबूल केले पाहिजे. काटा मध्यावर स्थिर होता. घरी पोहोचल्यावर आजी देवघरात गेल्या. पुतण्याने इंजिन थंड होण्याची वाट पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहिले : अंतर १६० किलोमीटर, ऑइल पूर्ववत, पाणी पूर्ववत.

तुमच्या घरी जुनी मोटार असो, स्कूटर असो वा शेतावरचे पंपाचे इंजिन असो, अशी एक वही आजच करा. मिस्त्रींच्या अनुभवाला तिची जोड मिळाली, तर दोघांचेही काम सोपे होईल.