क्रम मनाचा, लांबी आकड्यांची

ऋतू, इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागल्यापासून तुझे ९७.४ पर्सेंटाईल सगळ्या घरादाराचे झालेत. काकू म्हणतात, "सत्त्याण्णव म्हणजे सीओईपी कुठे गेलं नाही." क्लासमधली तुझी मैत्रीण म्हणते, "नव्याण्णवच्या खाली सगळं संपलं." तू या दोघींच्या मध्ये अडकून रात्री साडेअकराला मला मेसेज करतेस, "ताई, माझे चान्सेस काय गं?" म्हटलं, एकदा सविस्तरच सांगावं. चहा घेऊन बस.

आधी काकूंचा घोळ निस्तरू. ९७.४ हे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण २.६ टक्के मुलं तुझ्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा, गणिताच्या गटाला चार लाख मुलं बसली. मग तुझ्या पुढे झाली दहा हजार चारशे. ९९ वाल्याच्या पुढे चार हजार आणि ९९.९ वाल्याच्या पुढे फक्त चारशे. वरच्या टोकाला दशांशासाठी मुलं का झुरतात, ते यातून कळतं. ९० आणि ९०.९ यांच्यातही छत्तीसशेच मुलं असतात, पण तिथे कॉलेजं भरपूर, त्यामुळे कुणाला फार झळ बसत नाही. ९९ आणि ९९.९ यांच्यातली छत्तीसशे मुलं मात्र मोजक्या कॉलेजांच्या मोजक्या जागांवर डोळा ठेवून असतात.

आता मैत्रिणीचा घोळ. ही दहा हजार मुलं काही एका दारात उभी नाहीत. त्यातली काही आयआयटी-एनआयटीला जातील, काही राज्याबाहेर, काही कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, अर्जच भरणार नाहीत. कुणाला मुंबई सोडायची नसते, कुणाला घराजवळचंच कॉलेज हवं असतं. म्हणून पर्सेंटाईलपेक्षा गुणवत्ता यादीतला तुझा क्रमांक जास्त कामाचा. ती यादी प्रवेशासाठी नोंदणी केलेल्यांचीच असते, आणि मागच्या वर्षांशी तुलना करायला क्रमांक बरा पडतो. परीक्षेला बसणारी मुलं वाढली की तेच पर्सेंटाईल मोठ्या क्रमांकावर जाऊन पडतं. बारावीच्या मार्कांची धास्ती आता सोड. ओबीसीला पीसीएममध्ये पात्रतेपुरते ४० टक्के लागतात, गुणवत्ता क्रमांक सीईटीवर ठरतो.

कटऑफची पीडीएफ उघडलीस की डोकं गरगरेल, म्हणून ती वाचायची कशी ते सांगते. सीईटी सेल दर फेरीनंतर प्रत्येक कॉलेजचा, प्रत्येक शाखेचा तक्ता काढतं. त्यात 'जी-ओपन-एस', 'एल-ओबीसी-ओ' असे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर विद्यापीठाचं: एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची आणि एस म्हणजे अख्ख्या राज्याला एकच रांग.

तू बारावी कराडला केलीस, म्हणजे तुझं विद्यापीठ शिवाजी. पुण्याच्या पीआयसीटीसारख्या कॉलेजात तू ओ च्या रकान्यात मोडतेस, एच मध्ये नाही. पुण्याच्या मैत्रिणीला कमी पर्सेंटाईलवर तिथे जागा मिळाली आणि तुला नाही, असं झालं तर त्यात अन्याय शोधत बसू नकोस, रकाना वेगळा आहे. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय मात्र राज्यस्तरीय. तिथे एस बघायचं, मग तू कराडची अस की कल्याणची.

एक गोष्ट मुली हटकून चुकीची वाचतात. जी म्हणजे मुलांच्या जागा, असं नाही गं! जी सगळ्यांना खुली आहे, तुलाही. शिवाय ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत, त्या एल. आपण ओबीसी, म्हणून तू चार रकाने बघायचेस: जी-ओपन, एल-ओपन, जी-ओबीसी, एल-ओबीसी. यातल्या कुठल्याही दारानं आत जाता येतं. तुझा हिशोब त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्याशी कर.

पण त्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नकोस. साठ जागांची शाखा घे. तिच्या एल-ओबीसी-ओ रकान्यात एखाददुसरीच जागा येते. तिथे छापलेला कटऑफ म्हणजे गेल्या वर्षीच्या एका मुलीचा निकाल. यंदा तिच्या जागी ९९ वाली आली तर तोच रकाना वर उडी मारेल, ९५ वाली आली तर खाली कोसळेल. भरपूर जागा असलेला रकाना वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, एका जागेचा उड्या मारतो. म्हणून तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लिही. तिन्ही जवळजवळ असले तर भरवसा ठेव, विखुरलेले असले तर 'नशिबाचं' असं पुढे लिहून मोकळी हो. मोबाईलवरची भाकीत सांगणारी ॲपं बहुतेक गेल्या वर्षीचा आकडाच रंगवून दाखवतात. त्यासाठी पैसे कशाला? आणि यादी भरून द्यायचे हजारो रुपये मागणारे समुपदेशक घरी आले, तर त्यांनाही चहा पाजून परत पाठवायला सांग काकांना. ते जी पीडीएफ बघतात, ती फुकट आहे.

कटऑफ हलायची आणखी कारणं ध्यानात ठेव. जागा वाढल्या की आकडा उतरतो. २०२४ पासून एआयसीटीईनं चांगल्या संस्थांच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, त्यानंतर कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवायला वाट मोकळी झाली. नव्या शाखेला तर मागचा आकडाच नसतो. तिथे त्याच कॉलेजातली सर्वांत जवळची जुनी शाखा बघून अंदाज बांध. मुंबईत अल्पसंख्याक दर्जाची कॉलेजं आहेत: द्वारकादास संघवी गुजराती भाषिकांचं, विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं सिंधी भाषिकांचं. त्यांच्या निम्म्याहून जास्त जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. बाकीच्यांना उरतात त्या कमी, म्हणून तिथला आकडा कॉलेजच्या नावापेक्षाही चढा दिसतो.

आता तुझ्या स्वप्नाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तोच आहे ना? सीओईपी १८५४ पासूनचं, व्हीजेटीआय १८८७ पासूनचं. दोन्हीकडे कॉम्प्युटर साडेनव्याण्णवच्याही वर बंद होतं. तिथे ९७.४ ला शक्यता जवळजवळ शून्य आहे. हे मी तुला गोड करून सांगणार नाही. पण त्याच सीओईपीत सिव्हिल, मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग आहे, व्हीजेटीआयत टेक्स्टाईल, प्रॉडक्शन आहे. या शाखांचे आकडे कॉम्प्युटरच्या बरेच खाली येतात. म्हणजे "सीओईपी मिळेल का?" हा प्रश्नच अर्धा आहे. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो, आणि शक्यता त्या पर्यायाची असते.

मग तुला ठरवावं लागेल, की तुला सीओईपीचं नाव हवंय की कॉम्प्युटरचं काम. मेटलर्जी घेऊन चार वर्षं कोडिंगच करायचं असेल, तर सांगलीच्या वालचंदसारखं जुनं कॉलेज किंवा पुण्यातलं दुसऱ्या फळीतलं चांगलं स्वायत्त कॉलेज घेऊन कॉम्प्युटरच का घेऊ नये? आणि धातूंमध्ये, पुलांमध्ये खरंच गोडी असेल, तर सत्त्याण्णववर तुझ्यासाठी राज्यातली उत्तम दारं उघडी असू शकतात. याचं उत्तर कटऑफच्या तक्त्यात सापडणार नाही. ते तुलाच शोधायचंय.

आता मी तुला एकच गोष्ट घोकून घ्यायला सांगणार आहे: शक्यतेनं यादीची लांबी ठरव, क्रम नाही.

बहुतेक घरांत उलटं होतं. मुलं विचार करतात, "व्हीजेटीआय मिळणार नाहीच, मग वर लिहून जागा का वाया घालवा? मिळणारं आधी लिहू." ऋतू, कॅपमध्ये जागा वाया जात नाही. यंत्रणा गुणवत्ता क्रमाने एकेका मुलापाशी येते आणि त्याची यादी वरून खाली वाचत जाते. पहिला पर्याय नाही मिळाला तर दुसरा, तो नाही तर तिसरा. तुझा विसावा पर्याय तुला मिळणारा असेल, तर वर एकोणीस अशक्य स्वप्नं लिहिलीस म्हणून तो तुझ्यापेक्षा मागच्या कुणाला जात नाही. स्वप्न वर लिहायला दमडीही लागत नाही. उलट मिळणारं वर लिहिलंस, तर त्याच्या खालचं, तुला जास्त आवडणारं, यंत्रणा वाचणारच नाही.

लांबी मात्र आकड्यांनी ठरव. यादीचे तीन भाग कर. पहिला, हवंय पण आवाक्याबाहेर वाटतं ते. तिथे गेल्या तीन वर्षांत तुझ्या क्रमांकाच्या बऱ्याच पुढे बंद झालंय. दुसरा, तुझ्या क्रमांकाच्या आसपास बंद होणारं. खरी लढाई इथे असते, म्हणून हा भाग सगळ्यात लांब ठेव. तिसरा, तिन्ही वर्षं तुझ्या बऱ्याच मागे बंद झालेलं, पण जिथे तू आनंदानं जाशील असं. 'आनंदानं' हा शब्द अधोरेखित कर. घाबरून लिहिलेलं कॉलेज मिळालं की मुली चार वर्षं कपाळावर आठी घेऊन फिरतात. यादीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पण तीस-चाळीस विचार करून लिहिलेले पुरे.

आणि इथेच एक काटा आहे. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्यात पहिल्या सहांतला. तो घेतला नाहीस तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वरच्या सहांत "बाबांचे मित्र म्हणतात म्हणून" असं एकही नाव नको. प्रत्येक नावावर बोट ठेवून स्वतःला विचार, "हेच मिळालं आणि इथेच थांबावं लागलं, तर चालेल?" मनात जराशी जरी कुरकुर झाली तर खाली ढकल. जागा हातात आल्यावर पुढच्या फेरीत जाशील तेव्हा हातातल्यापेक्षा खरंच जास्त आवडतं तेच लिही, कारण नवी जागा मिळाली की जुनी आपोआप जाते. यंदाची माहितीपुस्तिका शब्दन् शब्द वाच, हे नियम दरवर्षी थोडे बदलतात.

फीबद्दल काकांना काळजी आहे, मला ठाऊक आहे. त्यांना सांग, जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस तर ही सवलत नाही. शेजारच्या दादाचं 'डोनेशन देऊन लावून टाकू' तिथेच संपव. आणखी एक: फीमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा शाखेमागे मोजक्याच, त्यामुळे त्यांचा कटऑफ खुल्यापेक्षाही वर जातो. तुला माफी तशीही मिळणार असेल, तर त्या जागांच्या मागे धावून जीव काढू नकोस. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र या माफीत येत नाही. पुणे की सांगली, हे ठरवताना तो पानाच्या कडेला लिहून ठेव.

सगळ्यात शेवटी सांगतेय, पण करायचं सगळ्यात आधी: कागद. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर. नॉन-क्रिमिलेयरची मुदत येत्या ३१ मार्चपर्यंत हवी. यातलं एक जरी वेळेत नसलं तर तुझे चारातले दोन रकाने गेले, तू निव्वळ खुल्या रांगेत. ज्या मुलीनं बारा महिने अभ्यास केला, तिचा रकाना तहसील कचेरीच्या एका फायलीपायी जाऊ नये. वैधतेची पोचपावती चालवून घेतात म्हणे, असं कुणी सांगितलं तर ऐकून घे, पण त्यावर विसंबू नकोस.

तर रविवारपर्यंत मला तीन गोष्टी पाठव. तुझ्या चार रकान्यांचे तीन वर्षांचे आकडे, कागदांची स्थिती आणि पहिल्या सहा नावांची यादी, काका-काकूंना न दाखवता केलेली. त्या सहांत सीओईपी मेटलर्जी असेल की वालचंद कॉम्प्युटर, मला दोन्ही चालतील. "का?" असं मी विचारेन, तेव्हा "सगळे म्हणतात म्हणून" हे एक उत्तर सोडून कुठलंही दे.