भूकंप आला तर घरात की बाहेर? कुटुंबाने मिळून गिरवायचा धडा



वसई, नालासोपारा, विरारच्या वस्त्यांमध्ये महिला मंडळांच्या आरोग्य बैठका घेताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, भूकंप आला तर घरात थांबायचं की बाहेर पळायचं?" याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. चाळीतल्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला एकच उत्तर लागू पडत नाही. म्हणून या महिन्यात हा धडा घेतला आहे. तो घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा, आणि पुढच्या रविवारी मोकळ्या हवेत जाऊन गिरवावा.

आपल्याच जिल्ह्यातले दोन मृत्यू

भूकंप म्हटले की आपल्याला किल्लारी आठवते. पण आपल्या पालघर जिल्ह्यातच नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के लहान होते. पण ते जमिनीखाली फार खोल नसल्याने आधी गडगड आवाज येई आणि मग भांडी वाजत. ऐन थंडीत आदिवासी पाड्यांवरची माणसे लेकराबाळांसह घराबाहेर, तंबूत झोपली.

1 फेब्रुवारी 2019 रोजी 4 रिश्टरच्या थोडा वरचा धक्का बसला. त्या वेळी घाबरून घराबाहेर पळताना पडून, डोक्याला मार लागून दोन वर्षांची एक मुलगी गेली. त्याच वर्षी जुलै महिन्यात घर अंगावर कोसळून एका माणसाचा जीव गेला. हे दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक जीव बाहेर पळताना गेला, दुसरा घर पडल्यामुळे. म्हणजे "पळा" हेही पूर्ण उत्तर नाही आणि "थांबा" हेही नाही. आपले घर कसे आहे, दार किती जवळ आहे आणि दाराबाहेर काय आहे, यावर उत्तर ठरते.

वसई-विरारचा पट्टा देशाच्या नकाशावर मध्यम धोक्याच्या, म्हणजे तिसऱ्या क्षेत्रात धरला जात आला आहे. मध्यम म्हणून गाफील राहू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. तिथे माणसे झोपेत होती, दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे त्यांच्यावर आली आणि सुमारे 10,000 लोक गेले.

तुमच्या घराप्रमाणे उत्तर

इमारतीत, वरच्या मजल्यावर असाल तर : धक्का चालू असताना जिन्याकडे धावू नका, लिफ्टला हात लावू नका, गॅलरीत जाऊ नका. बहुतेक धक्के एका मिनिटाच्या आत थांबतात. तेवढ्या वेळात जिना उतरून होत नाही. उलट अंधारात, गर्दीत पाय घसरून हात-पाय मोडतात, मुले चेंगरतात. वाका, झाका, धरा, हे तीन शब्द पाठ करा. गुडघ्यांवर वाका. मजबूत टेबलाखाली शिरा, टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी बसून दोन्ही हातांनी डोके आणि मान झाका. टेबलाचा पाय घट्ट धरा. खिडकी, काच, कपाट, फ्रिज यांपासून दूर राहा. पलंगावर असाल तर तिथेच पालथे होऊन उशी डोक्यावर घ्या. धक्का थांबल्यावर गॅस बंद करा, चप्पल घाला आणि जिन्याने, भिंतीच्या बाजूने, शांतपणे उतरा.

तळमजल्यावर, कच्च्या किंवा पत्र्याच्या घरात असाल तर : दार दोन-चार पावलांवर असेल आणि बाहेर खरोखर मोकळी जागा असेल, तर लगेच बाहेर पडा. लहान मूल कडेवर घ्या, त्याचे डोके हाताने झाका. त्याचा हात धरून ओढत पळू नका. दार लांब असेल तर आतच वाका, झाका, धरा. पोटमाळ्यावरचा पिंप आणि वरची ट्रंक यांच्याखाली उभे राहू नका.

व्हीलचेअरवर किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल तर : चाकांना ब्रेक लावा आणि मान खाली घालून डोके झाकायला सांगा. अंथरुणावरच्या माणसाच्या डोक्यावर उशी ठेवा. त्यांची खाट खिडकीखाली किंवा कपाटाशेजारी असेल तर ती आजच हलवा.

बाहेर म्हणजे गल्ली नव्हे

26 जानेवारी 2001 च्या सकाळी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. अंजार गावात शाळेची मुले आणि शिक्षक प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघाले होते. ती मुले घरात नव्हती, बाहेरच होती. पण फेरी अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली आणि दीडशेहून अधिक मुले गेली.

आपल्या नालासोपारा पूर्वेच्या किंवा विरारच्या चाळींमधल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. वर विजेच्या तारा, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, बाजूला कच्ची कंपाउंड वॉल. अशा गल्लीत जमणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे. इमारत जितकी उंच असेल, निदान तितके अंतर तिच्यापासून ठेवा. शाळेचे मैदान, बुद्धविहारासमोरचे पटांगण, उद्यान, जे जवळ असेल ते घरच्यांची भेटीची जागा म्हणून ठरवा. फोन लागला नाही तरी सगळ्यांनी तिथेच यायचे.

घर आधीच तपासा

ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेला विजय नगरमध्ये इमारत कोसळून 17 माणसे गेली. तेव्हा भूकंप नव्हता. जी इमारत आपल्याच वजनाने पडते, ती धक्क्यात काय टिकणार? म्हणून खांब आणि तुळई पाहा. प्लास्टरवरची केसासारखी चीर वेगळी. खांबात तिरकी किंवा रुंद भेग, बाहेर आलेली गंजकी सळई, सुटलेले काँक्रीट, अचानक अडकू लागलेली दारे, ही धोक्याची चिन्हे आहेत. फोटो काढा, तारीख लिहा आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 30 वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम 265 अ नुसार बंधनकारक आहे. तळमजल्यावर दुकान काढण्यासाठी कुणी भिंत किंवा खांब तोडत असेल तर सोसायटीने एकत्र येऊन थांबवावे. भाडेकरूंनीही गप्प बसू नये. छत पडताना मालक कोण हे पाहून पडत नाही.

दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा : पाणी, चणे-बिस्किटे, टॉर्च, शिट्टी, मास्क, चादर, स्वच्छ सुती कापड, बँडेज, ओआरएस, सॅनिटरी पॅड, आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती. बीपी, साखर, दमा, फिट यांची आठवडाभराची औषधे आणि औषधाची चिठ्ठी नक्की ठेवा. औषधांची तारीख दर तीन महिन्यांनी पाहा. रात्री प्रत्येकाच्या उशाशी चप्पल आणि टॉर्च असू द्या. अंधारात काचेवर पाय पडून होणाऱ्या जखमा त्यामुळे टळतात.

सहलीला गेलात तर

भीतीपोटी मुलांना घरात कोंडू नका. मोकळ्या मैदानात माणूस भूकंपात सर्वांत सुरक्षित असतो. शिवाय धावण्याने, उन्हाने, खेळण्याने शरीर आणि मन दोन्ही सुधारते. फक्त जागा पाहून बसायची सवय लावा.

सोपाऱ्याचा स्तूप आपल्या सगळ्यांच्या जवळचा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये त्याचे उत्खनन केले आणि आपल्या गावाचा प्राचीन वारसा जगापुढे आला. तिथे डबे घेऊन जा, मुलांना इतिहास सांगा, पण जुन्या विटांवर चढू देऊ नका. वसईच्या किल्ल्यात भिंतीच्या सावलीत आणि कमानीखाली पंगत मांडू नका, मोकळ्या मैदानात बसा. जीवदानीच्या पायऱ्यांवर धक्का जाणवला तर कठडा धरून खाली बसा, वरून दगड येतात का ते पाहा आणि थांबल्यावर उतरा. तुंगारेश्वरला कड्याच्या पायथ्याशी डेरा टाकू नका.

अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा लांबलेला धक्का जाणवला, अथवा समुद्र एकाएकी मागे गेला, तर मासे आणि शिंपले पाहायला पुढे जाऊ नका. गर्दीबरोबर किनाऱ्यापासून दूर, उंच जागी जा आणि प्रशासनाने सांगेपर्यंत परतू नका. 28 नोव्हेंबर 1945 रोजी मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि इथेही माणसे दगावली होती. एरवीही लक्षात ठेवा, आपल्या समुद्रावर आणि चिंचोटीच्या धबधब्यावर भूकंपापेक्षा पाणीच जास्त जीव घेते. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.

जखमींना पहिली मदत

- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा. मध्येच उचलून पाहू नका. रुतलेली काच किंवा सळई ओढून काढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.
- डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, कानातून रक्त किंवा पाणी, यांपैकी काही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. तोंडात पाणी घालू नका.
- मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला उठवून बसवू नका. जागेवरच स्थिर ठेवा.
- मोडलेला हात-पाय चोळू नका. आहे त्या स्थितीत फळी किंवा जाड पुठ्ठा लावून बांधा.
- हात-पाय बराच वेळ जड स्लॅबखाली दबलेला असेल तर स्वतः ओढून काढू नका. अचानक दाब सुटला की दबलेल्या स्नायूंतली घातक द्रव्ये रक्तात पसरून हृदय आणि मूत्रपिंडाला इजा करतात. बचाव पथकाला बोलवा आणि तोवर त्या माणसाशी बोलत राहा.
- स्वतः अडकलात तर काडी पेटवू नका. तोंडावर कापड धरा, पाइप किंवा भिंतीवर ठोका, शिट्टी वाजवा. धूळ असताना ओरडणे शेवटी ठेवा.

रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर मदतीसाठी 112 हे आकडे मुलांनाही पाठ हवेत.

अफवा आणि मनातली भीती

"आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार" असे मेसेज फिरतात. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणारे कोणतेही शास्त्र जगात नाही. तो कुणाचा कोपही नाही. जमिनीखालच्या खडकांत साठलेला ताण सुटतो, म्हणून जमीन हलते. कारण तपासल्याशिवाय मानायचे नाही, ही तर आपली शिकवणच आहे. असा मेसेज पुढे पाठवू नका.

धक्क्यानंतर काही दिवस जमीन हलतेय असे वाटते, भोवळ येते. अशा वेळी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून पाहा. पाणी स्थिर असेल तर हा आपल्या मनाचा आणि कानातल्या तोलाचा परिणाम आहे. बसा, सावकाश श्वास घ्या. मुले रात्री अंथरूण ओले करू लागली, एकटी झोपेनाशी झाली तर रागावू नका. जवळ घ्या, रोजची शाळा आणि खेळ लवकर सुरू करा. महिनाभरात उतार पडला नाही तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

येत्या रविवारचा गृहपाठ

सकाळी घरात एकदा "वाका, झाका, धरा" करून पाहा. आजीलाही यात घ्या. मग सगळे मिळून घरापासून भेटीच्या जागेपर्यंत चालत जा आणि वाटेत पडू शकतील अशा वस्तू मुलांना मोजायला लावा. मैदानात पोहोचलात की तासभर खेळा, डबा खा आणि परत या. शेजारच्या दोन घरांनाही सोबत न्या, कारण संकटात पहिला हात शेजाऱ्याचाच पोहोचतो.

सावध राहा, निरोगी राहा. जय भीम!